एकेरी लाइन

पैसे इंदूने भरले होते.
मग नाशिकला लेकीला आठव्यातच कळा सुरू झाल्या
आणि इंदू एक पिशवी घेऊन निघाली.
दारातूनच म्हणाली,
तीनशे परत मिळायचे नाहीत, तुम्ही जा.

म्हणून मी.
भुसावळ, रेल्वे इन्स्टिट्यूटचा मागचा हॉल,
तेरा बायका, एक कूलर
आणि एक रिटायर्ड स्टेशन मास्तर,
ज्याला फुलांतलं एवढंच कळत होतं
की बदलीला झेंडूचा हार मिळतो, रिटायरमेंटला गुलाबाचा.

शिकवायला कल्याणी फेगडे.
नवऱ्याच्या नोकरीमागे चार वर्षं नागोयात काढलेली बाई,
बोलणं अजून सावद्याचंच.
फांद्या आणायला सांगितल्या होत्या.
कुणाची बोगनवेल, कुणाची डाळिंबाची फुलं,
यावलच्या हसीना तडवींची पळसाची वाकडी डहाळी.
मी भावाच्या बांधावरची पऱ्हाटी नेली,
कापूस वेचून गेलेला, टोकाला टरफलं तेवढी.
चुलीत चालते, म्हटलं इथेही चालेल.

केंझान पाचच होते.
बाकीच्यांना केळीच्या बुंध्याचे जाड काप,
खोचलं की उभं राहतं.
मला खरा मिळाला, पितळी काट्यांचा,
आणि तळहाताला ते वजन आठवलं.
टाकरखेड्याला, एकेरी लाइनवर,
एवढाच जड होता तो लोखंडी गोळा,
जो हाती आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे काढत नसे.

शिन, सोए, हिकाए. तीन काड्या, तीन उंच्या.
पहिली पंधरा अंशात कललेली, दुसरी पंचेचाळीस.
पंचेचाळीस अंश, सुमन भारंबे म्हणाल्या,
आम्हाला एप्रिलात कोणी शिकवायला नको.
हॉल हसला.
मी फांदी कलवली आणि तिथेच थांबलो.
सिग्नलचा हात एवढाच पडायचा.

मग सगळ्यांचीच एक चूक.
मोकळं दिसलं की हात जातो.
आपण पान भरून वाढणारी माणसं,
ओटी भरणारी, निरोपाला मूठभर साखर ठेवणारी.
अमळनेरच्या मावशींनी परातीत वाकून पाहिलं,
इतलंच शे का?
आणि सात शेवंत्या एकदम खोचल्या.
फेगडेबाई कात्री घेऊन फिरत होत्या,
न बोलता एकेक काढत होत्या.

मला पौषातली एक रात्र आठवली.
मालगाडी होमला उभी, इंजिन धापा टाकतंय,
पुढे मैलोन् मैल रूळ आणि त्यावर नुसतं चांदणं.
नवा पोरगा म्हणाला, साहेब, लाइन तर रिकामी आहे.
रिकामी नाही रे, दिलेली आहे, मी म्हटलं.
तेव्हा हे फक्त नियमाचं वाक्य होतं.

पऱ्हाटी डावीकडे. तडवीबाईंनी दिलेली डहाळी तिच्या मागे.
शेवंती एकच, अगदी खाली, पाण्याला टेकेल अशी.
मधे वीतभर काही नाही.
फेगडेबाई आल्या तेव्हा सवयीने मी उठून उभा राहिलो,
जणू इन्स्पेक्शन.
त्यांनी वाडगा बोटभर फिरवला आणि पुढे गेल्या.

रिक्षातून तसंच नेता येईना.
मोडलं, पेपरात गुंडाळलं,
घरी स्टीलच्या परातीत पुन्हा उभं केलं,
बुंध्याच्या कापावर, टीव्हीशेजारी.

रात्री इंदूचा फोन, चेहऱ्यावर दवाखान्याची ट्यूबलाइट.
कळा थांबवल्यात म्हणाली, इंजेक्शनं चालू आहेत,
डॉक्टर म्हणतात, पोटात राहील तितका दिवस चांगला.
तिकडे काय शिकलात?
मी फोन परातीकडे वळवला.
बराच वेळ ती पाहत राहिली.
ही वाळकी काडी कशाला? आणि मधे एवढं उघडं?
दोन फुलं खोचा ना तिथे.

म्हटलं, नको.
तिथून गाडी यायचीय.

एकतीस वर्षं क्वार्टरमध्ये काढलेली बाई.
जरा थांबली,
आणि विचारलं,
अप की डाऊन?